नाण्यांचा उजाळा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, “इतिहासाच्या व्यासपीठावर भांडी घासण्याचे काय काम?” प्रश्न रास्त आहे. राजे, लढाया, तह, शिलालेख हे इतिहासाचे विषय. चिंच आणि राख हे मोरीतले विषय. परंतु माझे म्हणणे असे आहे की, आपल्या देशाचा पुष्कळसा इतिहास मोरीत वाहून गेला आहे. तो परकीयांनी नेला नाही, वाळवीने खाल्ला नाही. तुम्ही-आम्ही तो मोठ्या भक्तिभावाने घासून टाकला.

आधी घरची कबुली देतो. माझ्या आजोळी देवघरातल्या ताम्हनात पाच तांब्याच्या शिवराया होत्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माझी मामी त्या चिंच-मिठाने चोळी, मग चुलीतल्या राखेने घासी, आणि त्या सोन्यासारख्या झळकू लागल्या म्हणजे आम्हां मुलांना बोलावून दाखवी. आम्हांला त्यांचा अभिमान वाटे. पुढे महाविद्यालयात असताना त्यांतली एक मी नाण्यांच्या एका जाणकारांकडे घेऊन गेलो. त्यांनी ती भिंगाखाली धरली, उलटली, पुन्हा उलटली आणि शांतपणे म्हणाले, “हे तांबे आहे, एवढे मी सांगू शकतो.” नाण्यावर एकही अक्षर उरले नव्हते.

मी त्या वेळी मनातून खट्टू झालो. पण गेले ते काय, हे मला फार उशिरा कळले. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि ही अक्षरे असलेला पैसा महाराजांच्या मागेही कितीतरी वर्षे पाडला जात होता. मग एखादी शिवराई कोणाच्या काळातली, हे ओळखायचे कसे? त्यावर सन नाही. ओळखायचे ते अक्षरांच्या वळणावरून, ‘शिव’ आहे की ‘सिव’ यावरून, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ यावरून, कडेच्या ठिपक्यांवरून. म्हणजे जी गोष्ट चिंचेच्या पहिल्या हाताबरोबर झिजू लागते, नेमका तीच आपला एकुलता एक साक्षीदार! आमच्या पाच शिवरायांतली एखादी खुद्द महाराजांच्या हयातीतली होती किंवा नव्हती. आता त्याचा निवाडा कोणीही करू शकणार नाही.

ही झाली एका घराची गोष्ट. आता एका गावाची सांगतो.

नाशिक जिल्ह्यात, दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे खेडे आहे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. थोडीथोडकी नव्हे, तेरा हजारांहून अधिक नाणी. मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे रेव्हरंड स्कॉट यांनी त्यांचा तपशील मांडला. ही नाणी क्षहरात वंशातल्या नहपान या क्षत्रपाची होती. नाणे लहानसे, वजन दोन ग्रॅमच्या आसपास, आकाराने आपल्या नखाहून थोडे मोठे. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपीतील अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नखाएवढ्या चांदीवर तीन लिप्या! ग्रीकांशी व्यापार करणारा समुद्रकिनारा, वायव्येकडून आलेला राजवंश आणि येथली प्रजा, या तिघांची गाठ त्या लहानशा वर्तुळात पडलेली होती.

पण खरे नवल पुढेच आहे. या तेरा हजारांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर पुन्हा एकदा ठसा मारलेला होता. नहपानाच्या तोंडावरच तीन कमानींची टेकडी उमटवलेली. भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. आणि पाठीमागे उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे, अधिकाच्या टोकांना वर्तुळे जोडलेले चिन्ह. सातवाहन राजाने शत्रूची नाणी वितळवली नाहीत. ती तशीच घेतली आणि त्यांवर आपला शिक्का मारून पुन्हा चलनात सोडली.

याचा अर्थ ध्यानात घ्या. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा एक लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे ती त्यात अभिमानाने सांगते. परंतु आई मुलाची थोरवी सांगताना हात आखडता घेत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. दरबारी प्रशस्तीवर किती विश्वास ठेवायचा, हा इतिहासकारापुढचा नेहमीचा प्रश्न. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या मातेच्या बाजूने साक्ष दिली. नाणे खोटे बोलू शकते. पण एका नाण्यावर दुसरा ठसा असला, तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढे तरी ते खोटे बोलू शकत नाही. नहपानाचा पैसा गौतमीपुत्राच्या टांकसाळीत आला होता, हे त्या नऊ हजार चांदीच्या जिभांनी एकमुखाने सांगितले.

तो पैसा कसा वापरात होता, तेही नाशिकच्याच लेण्यांत कोरलेले आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, १००० दुसरीकडे. पहिल्या रकमेवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर पाऊण टक्का व्याज. मुद्दलाला हात लावायचा नाही, हीही अट. दुसऱ्या एका हिशेबात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा दर दिला आहे. हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे शिलालेखात व्याजाचा दर वाचावा आणि हातात ते मुद्दल घेऊन बसावे, असा योग जोगलटेंभीने आणून दिला.

आता मी आपणांला एक कल्पना करावयास सांगतो. समजा, तो हंडा सापडला त्या दिवशी कोणा हौशी गृहस्थाने ती नाणी घरी नेली असती आणि ‘काळी पडली आहेत, जरा लख्ख करू’ म्हणून एका रात्रीत रांगोळीने घासून काढली असती, तर काय झाले असते? वरचा ठसा कदाचित राहिला असता. तो ताजा आणि ठळक. गेला असता तो खालचा. टेकडीच्या कमानीमागून डोकावणारे नहपानाचे नाक, ग्रीक अक्षरांतले एखादे अर्धे अक्षर, वज्राचे टोक, हे केसाच्या जाडीचे उठाव असतात. ते पुसले गेले असते, तर आपल्या हाती गौतमीपुत्राची नऊ हजार चकचकीत नाणी आली असती आणि विजयाचा पुरावा नाहीसा झाला असता. शिवाय या नाण्यांवरचे मुखवटे एकमेकांशी जुळत नाहीत, कोठे तरुण तर कोठे वृद्ध चेहरा दिसतो, हे स्कॉट यांनी त्याच वेळी नोंदले. त्यावरून पुढे बरीच चर्चा झाली. चेहरेच झिजले असते, तर चर्चा कशाची करणार?

येथे कोणी म्हणेल, “मग मळ तसाच ठेवायचा काय?” याचे उत्तर देण्यासाठी मळ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. आपण ज्याला सरसकट मळ म्हणतो, त्यात दोन निराळ्या वस्तू असतात. एक माती, ती बाहेरून येऊन बसलेली पाहुणी. दुसरा गंज, तो त्या धातूचाच पालटलेला देह. तांबे जमिनीत शेकडो वर्षे पडले, म्हणजे त्याच्या वरच्या थराचे हळूहळू तांबडे, हिरवे, निळसर क्षार बनतात. चांदी घरात काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि जमिनीत ती मिठाच्या संगतीने करडी आणि शिंगासारखी मऊ होते. आता गंमत अशी की, नाण्याचा मूळ पृष्ठभाग, ज्यावर अक्षरे होती तो, पुष्कळदा या पालटलेल्या थराच्या आतच जपून राहिलेला असतो. खालची निकोप धातू अक्षरांच्याही खाली गेलेली असते. म्हणून जो मनुष्य ‘शुद्ध धातू लागेपर्यंत’ घासतो, तो पुस्तकाची पाने फाडून पुठ्ठा चकचकीत करतो.

आपल्या घरगुती उपायांचा विचार करू. चिंचेत आम्ल असते. ते तांब्यावरचा काळा थर विरघळवते, म्हणून भांडे लालभडक दिसते. परंतु आपण चिंचेबरोबर मीठ घेतो. आणि मीठ हे जुन्या तांब्या-काशाचे वैरी आहे. मिठातला क्लोरीन तांब्याशी मिळून एक पांढुरका क्षार करतो. तो नाण्याच्या बारीक छिद्रांत लपून बसतो. दमट हवा लागली की त्यातून हिरवी भुकटी आणि थोडे आम्ल तयार होते. ते आम्ल आणखी तांबे खाते, त्याचा पुन्हा तोच क्षार होतो, आणि चक्र फिरत राहते. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी जुन्या काशाच्या वस्तूवर दिसू लागली, म्हणजे हा रोग जडला असे समजावे. जाणकार त्याला काशाचा रोगच म्हणतात. ज्या भांड्याला आपण रोज घासतो त्याला त्याचे भय नसते, कारण क्षार साचायला उसंतच मिळत नाही. पण वर्षातून एकदा चिंच-मीठ लावून डबीत बंद केलेले नाणे मात्र पुढच्या पावसाळ्यात आतून पोखरू लागते.

ही विद्या जगात तरी फार जुनी आहे असे नाही. १८८८ साली बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी फ्रीडरिख राथगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमले आणि जुन्या वस्तूंच्या रक्षणासाठी प्रयोगशाळा काढली. त्याचे पुस्तक १८९८ साली निघाले. इंग्लंडात जाग आली ती पहिल्या महायुद्धानंतर. बाँबच्या भयाने ब्रिटिश म्युझियमने आपल्या पुष्कळ वस्तू लंडनच्या भुयारी मार्गांत नेऊन ठेवल्या होत्या. युद्ध संपल्यावर पेट्या उघडतात तो काय, लोखंडाला तांबेरा चढलेला आणि काशावर हिरवे ठिपके! शत्रूच्या बाँबने केले नाही ते भुयारातल्या दमट हवेने केले. तेव्हा डॉक्टर अलेक्झांडर स्कॉट यांना पाचारण झाले आणि १९२० च्या सुमारास तेथे प्रयोगशाळा उभी राहिली. आपणांला ऐकून बरे वाटेल की, आपल्या देशाचे पाऊल यात मागे नव्हते. हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याने १९१७ सालीच मोहम्मद सनाउल्ला यांना रसायनज्ञ म्हणून नेमले होते, आणि पुढे डेहराडूनला त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली.

या शास्त्राचाही इतिहास चुकांचा आहे, हे सांगितले पाहिजे. आरंभीच्या काळात शास्त्रज्ञांनाही लख्ख धातूचा मोह होता. जस्त आणि दाहक सोडा यांच्या द्रावणात वस्तू टाकायची, किंवा विजेचा प्रवाह सोडायचा, आणि गंज समूळ उतरवायचा. वस्तू स्वच्छ निघे. पण अनेकदा तिच्यावरचे कोरीव काम गंजाबरोबर उतरून गेलेले असे. अनुभवाने शहाणपण आले. आता भिंगाखाली, बारीक हत्याराने, दाणा-दाणा माती काढण्याकडे ओढा आहे; आणि केलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवावी, शक्यतो पुढे फिरवता येईल अशीच करावी, हा दंडक आहे. शास्त्र पुढे गेले ते अधिक घासायला शिकून नव्हे, कमी घासायला शिकून.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो. घरातला देव, समई, तांब्या, खंडोबाचा टाक हे घासायचे नाहीत काय? माझे उत्तर आहे, खुशाल घासावे. टाकावरच्या खंडोबाचे नाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाले असेल, तर ती झीज हाही इतिहासच आहे. घराण्याच्या श्रद्धेचा इतिहास. ती वस्तू अजून जिवंत आहे, आपले काम करीत आहे. कल्हई उडालेल्या पातेल्याला नवसागर आणि कथील लावून नवा जन्म देणारा कल्हईवाला काही पापी नव्हे. प्रश्न आहे तो जमिनीतून, नदीच्या पात्रातून, पडक्या वाड्याच्या भिंतीतून निघालेल्या वस्तूचा. तिचे काम पालटले आहे. ती आता पूजेची किंवा व्यवहाराची वस्तू नाही. ती साक्षीदार आहे. आणि न्यायालयात नेण्यापूर्वी साक्षीदाराची कोणी हजामत करीत नाही.

कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या टेकाडावर काशाच्या वस्तू निघाल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी मूर्ती होती. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडून ती पंचगंगेच्या काठी आली. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात ती अवश्य पाहावी. ती कोणाच्या तरी अडगळीत पडून मोडीत गेली असती, तर रोमचा आणि करवीरचा संबंध आपण कशावरून सांगितला असता? आणि अशा किती वस्तू मोडीत गेल्या असतील, याची तर मोजदादच नाही.

तेव्हा उद्या आपल्या शेतात नांगराला नाणे लागले, किंवा आजीच्या पेटीत जुना पैसा सापडला, तर काय करावे, ते थोडक्यात सांगून मी आपली रजा घेतो.

पहिली गोष्ट, काही करू नये. घाई कसली? जे नाणे हजार वर्षे थांबले, ते आणखी आठ दिवस थांबेल. दुसरी, कोठे, किती खोल, कशात आणि कशाबरोबर सापडले ते लगेच लिहून ठेवावे. मडक्याचे तुकडेही टाकू नयेत. तिसरी, ठेवा सापडला असेल तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. १८७८ च्या ठेव्याच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याबद्दल ते बंधनच घातलेले आहे. चौथी, नाणे कडेने धरावे. बोटांच्या घामातही मीठ असते. पाचवी, घरातल्या एखाद्या साध्या नाण्यावर माती बसली असेल आणि ती काढायचीच असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजू द्यावे आणि मऊ लाकडाच्या काडीने माती तेवढी सोडवावी. जेथे काडी अडेल, तेथे आपणही थांबावे. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो, हे विसरू नये. चिंच, लिंबू, मीठ, राख, रांगोळी, दात घासण्याची पूड, सोनाराचे तेजाब, यांतले काहीही लावू नये. सोने गंजत नाही म्हणून ते तरी घासावे असे वाटेल. पण सोने मऊ, त्यावर चरे फार लवकर उठतात.

ठेवण्याचेही शास्त्र आहे. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी असावे. स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांतून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो. सातवाहनांनी चांदीपेक्षा शिशाची आणि हीणकस काशाची नाणी पुष्कळ पाडली. ती शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नयेत. लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला लागते आणि काही वर्षांनी खणात पांढरी पूड तेवढी उरते. शिसवी कपाट नाण्याचा मान वाढवते खरे, पण नाणे खाऊन टाकते.

श्रोतेहो, आपल्या भाषेत ‘उजाळा देणे’ हा मोठा सुंदर शब्दप्रयोग आहे. आठवणींना उजाळा द्यावा, असे आपण म्हणतो. पण आठवणींना उजाळा देण्याची आणि तांब्याला उजाळा देण्याची रीत एक नव्हे. तांबे घासून उजळते. आठवण वाचून उजळते. माझ्या मामीने त्या पाच शिवराया उजळल्या त्या प्रेमाने, आणि तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते. आपणांला मात्र आज सांगितले आहे. या दिवाळीला देव्हाऱ्यातली समई खुशाल लख्ख करा. तिच्याशेजारी एखादा काळा-हिरवा जुना पैसा असेल, तर त्याला हळद-कुंकू लावू नका, चिंच लावू नका. नमस्कार मात्र करा. त्याच्या अंगावरचा तो काळोख म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी मिटून ठेवलेले पान आहे, आणि वाचणारा अजून यायचा आहे.